चहात वेलदोडा नको

११ फेब्रुवारी

दूध करपलं! आणि काकांना पत्ताच नाही. तसाच चहा गाळला, दोन पेल्यांत ओतला, एक माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, कसा झालाय?

कसा झालाय! जळक्या सुतळीसारखा झालाय. पहिला घोट मी मोरीत थुंकून आलो. काका आपले पीत बसलेले, शांत. ज्या माणसाच्या चहाचा वास जिन्यात गेला की वरच्या मजल्यावरची माणसं काहीतरी निमित्त काढून दार वाजवतात, तो माणूस करपलेला चहा पितो आणि वर विचारतो, कसा झालाय! त्यांच्या खोलीवर राहतोय तेव्हापासून कधी विचारलं नव्हतं. 'घे' म्हणायचे. संपलं.

मी म्हटलं, म्हातारे झालात काका. हसले नुसते.

दिवसभर तोंडात तीच चव. चिडचिड.

१२ फेब्रुवारी

इस्त्रीवाल्या ताईंनी आज सगळ्यांसमोर विचारलं, काय नवाबसाहेब, तुमचा चहा असतो तरी कसा, एकदा कळू दे. सगळे दात काढायला लागले. नवाब हे नाव त्यांनीच पाडलंय. धुलाईच्या कारखान्यात ओल्या चादरी ओढणारा नवाब!

सांगितलं मग. आधी पाणी. त्यात आलं, किसलेलं नाही, ठेचलेलं. किसलं की कडू उतरतं. आल्याचा वास पाण्याला लागला की साखर, मग पत्ती. दोनदा वर येऊ द्यायचा, दोनदा खाली बसवायचा. दूध शेवटी, तेही तापलेलं. रंग जुन्या विटेसारखा हवा. काचेचा पेला हवा, कागदाचा कप नको — कागदाच्या कपात चहा पिणं म्हणजे पुठ्ठा चोखणं. साय दिसली की माझा चहा संपला. दोऱ्याला लटकवलेली ती पुडी तर नकोच नको, गळ टाकून बसल्यासारखं वाटतं. जीव उदास असेल तर बिनदुधाचा, काळा, थोडं मीठ टाकून. आणि काही झालं तरी वेलदोडा नको. वेलदोडा पडला की चहाचं सरबत होतं.

ताई म्हणाल्या, अगं बाई! ह्याला पोरगी कोण देणार? त्यांचा स्वतःचा चहा म्हणजे पाक. चमचा उभा राहील. पण इस्त्रीच्या रोलरच्या वाफेत दिवसभर उभं राहायचं तर तेवढी साखर लागते म्हणतात. असेल बाबा.

१५ फेब्रुवारी

वेलदोडा! आमच्या चहात! काकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हापासून कधी टाकला नव्हता. म्हणाले, चुकून पडला असेल.

१७ फेब्रुवारी

ठेंगूचा फोन. बेकरीत माझा जोडीदार होता तो. आता बंदरावर, मासळीच्या शीतगृहात आहे. तिथे जागा होणार आहे म्हणे. येतोस?

येतोस काय विचारतोस! माझे पाय आत्ताच रस्त्यावर आहेत. वीटभट्टी झाली, बेकरी झाली, गोदाम झालं, आता ही धुलाई. सहा महिने झाले की खोलीच्या भिंती जवळ जवळ यायला लागतात. आई म्हणते पायाला भिंगरी आहे. असेल. एका जागी बसलेल्या माणसांना काय कळतं ते मला दिसत नाही.

काकांना अजून बोललो नाही. त्यांची ही खोली, एका कारखान्यातले एवढीच ओळख, तरी त्यांनीच मला ठेवून घेतलं. बघू.

२० फेब्रुवारी

आज कारखान्यात गोंधळ. दवाखान्याच्या चादरींचा अख्खा गठ्ठा पिवळा पडला. ताईंनी रोलरमधून चादर काढली ती हळद लावल्यासारखी! एक नाही, धुण्याच्या मशीनचा पूर्ण ड्रम. ताई ओरडल्या, ह्यात ब्लीच तसंच राहिलंय, कुणी पास केलं?

पास कोण करणार? काकाच. आमच्याकडे ड्रम थांबला की काका झाकण उघडतात, ओली चादर नाकाशी नेतात. ब्लीचचा वास अजून आहे म्हटलं की पुन्हा पाणी. नाही म्हटलं की गठ्ठा पुढे, तापलेल्या रोलरवर. राहिलेलं ब्लीच गरम झालं की कापड पिवळं. ते तपासायचं यंत्र एकदा आणलं होतं, ते रोज वेगळंच सांगायचं. म्हणून काका. सगळे त्यांना 'नाक' म्हणतात. नाक आलं का? नाक जेवायला गेलंय. बाईसुद्धा — आमच्या कारखान्याच्या मॅनेजर — कौतुकाने तसंच म्हणतात.

बाई म्हणाल्या, पाण्यात काहीतरी बिघाड असेल, काकांचं नाक कधी चुकायचं नाही. काका खाली बघत होते.

मला एकदम करपलेलं दूध आठवलं.

२१ फेब्रुवारी

आल्याचा तुकडा ठेचून मुठीत धरला. मूठ काकांच्या नाकाखाली नेली. म्हटलं, ओळखा काय आहे.

काका म्हणाले, मूठ.

हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. मी मूठ उघडली. काकांनी आल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. म्हणाले, थंडीत ताप येऊन गेला ना, तेव्हापासून. जिभेला गोड-खारट कळतं. बाकी सगळं पाणी. वाटलं येईल परत.

दवाखान्यात गेलात?

गेलो. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. म्हटलं हे मलाही माहीत होतं.

पेला फिरवत बसले. शेवटी म्हणाले, बाईंना सांगू नकोस. नाकाशिवाय मला येतंच काय?

२३ फेब्रुवारी

युक्ती केली. ओल्या चादरी ओढायला मी ड्रमपाशी असतोच. झाकण उघडलं की आधी मी वाकतो. वास असेल तर खोकतो. नसेल तर गप्प. काका मग चादर नाकाशी नेतात, मान हलवतात, एकदम थाटात. आज पाचही ड्रम बरोबर गेले.

घरी काकांनी माझ्यासाठी आलं जास्त ठेचलं.

२६ फेब्रुवारी

परत वेलदोडा! भांडलो आज. नाक नाही ते समजलं, पण डोळे आहेत ना? म्हणाले, हात चुकतो रे. मी वेलदोड्याची डबी उचलली आणि माळ्यावर, पेटीच्या मागे टाकली. आता चुकवा!

ताई विचारतात, नवाब, खोकला बरा होत नाही का? काढा घे.

२८ फेब्रुवारी

डबी माळ्यावरच आहे. तरी चहात आहे. पुसट, पण आहे. काका म्हणतात, मला काय विचारतोस, मला कळतं का?

वेड लागायची पाळी.

२ मार्च

आईचा फोन. आता तरी एका जागी बूड टेकव. मोठा भाऊ बघ. वहिनी मागून हसत होती, म्हणे भाऊजींना बसायला सांगू नका, चहासुद्धा उभ्यानेच पितात. खरं आहे. घरी असताना कधी उंबऱ्यात, कधी विहिरीपाशी, पेला हातात आणि मी चालतोय. आई म्हणायची, सांडशील. सांडायचा.

आईचा चहा जरा पातळ असतो. तिच्यापुढे तो मी कधी नाकारला नाही. का, ते माहीत नाही.

४ मार्च

मलाच सर्दी! दोन्ही नाकपुड्या बंद!! सकाळी उठून पत्तीचा डबा उघडला, काहीच नाही. लाकडाचा भुसा असता तरी तसाच वाटला असता. काकांना सांगितलं. काका खाटेवर बसले ते बसलेच.

दोघांच्या मिळून एकही नाक नाही!

दिवसभर प्रत्येक ड्रमला मी खोकत होतो. खोटं खोटं आणि खरं खरं, दोन्ही. प्रत्येक गठ्ठ्याला जादा पाणी. बाई येऊन ओरडल्या, नदी आणून सोडू का इथे? काका म्हणाले, दवाखान्याचा माल आहे बाई, मागच्या वेळसारखं नको. बाई पाय आपटत परत गेल्या.

घरी काकांनी आलं-मिऱ्याचा काळा चहा उकळला, भांडं माझ्यापुढे ठेवलं, डोक्यावर पंचा टाकला. ओढ वाफ. ओढ. काही वास येतोय? नाही. ओढ. आतून मी म्हटलं, काका, असं रोज जगता तुम्ही? काकांनी बाहेरून पंचा नीट केला.

६ मार्च

सर्दी गेली. पत्तीचा वास आला तेव्हा उडी मारावीशी वाटली. आणि पहिल्याच घोटाला — वेलदोडा. पण आज रागावलो नाही. कळला ह्याचाच आनंद!

९ मार्च

ठेंगूचा फोन. जागा झाली. चौदा तारखेला सकाळी नऊची बस धरून ये, शीतगृहवाले तोपर्यंतच थांबतील, मग दुसऱ्याला देतील.

हेच तर हवं होतं. मग हो म्हणताना का अडखळलो?

गेलो तर खोकणार कोण? दोन दिवसांत गठ्ठा पिवळा. तिसऱ्या दिवशी काका घरी. आणि राहिलो तर? दुसऱ्याच्या नाकाच्या जागी किती दिवस खोकत बसायचं? माझं वय काय!

जिना उतरलो, रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. पुन्हा उतरलो.

१० मार्च

सांगितलं शेवटी. काका पेले विसळत होते. म्हटलं, काका, बंदरावर जागा झालीय.

जा, म्हणाले. पेले विसळतच राहिले.

तुमचं कसं?

माझं मी बघेन. तू माझा बाप आहेस का?

११ मार्च

सकाळचा चहा. पेला तोंडाजवळ नेला आणि नाक मुरडलं. कुठेतरी लांब, चहाच्या पार तळाशी, तो मेला वेलदोडा. काका माझ्या तोंडाकडेच बघत होते. काय झालं? म्हटलं, काही नाही, तुमची जुनी मैत्रीण. काका असे हसले की खोकला लागला. मग सदरा घातला आणि माझ्याआधीच कारखान्यात निघून गेले.

मी पोचलो तर बाईंच्या खोलीबाहेर ताई उभ्या, डोळ्याला पदर. काकांनी सगळं सांगून टाकलं होतं. नाक गेलंय, थंडीपासून गेलंय, तो पिवळा गठ्ठा माझाच, आता काम सोडतो, मुलीकडे जातो.

बाईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, काका म्हणतात त्यांच्या जागेवर तुला घ्यावं. बघ विचार करून.

माझं डोकंच फिरलं. बाहेर येऊन काकांना म्हटलं, मला विचारलंत? मी काय चादर आहे, इकडून तिकडे टाकायला? मी जाणार आहे! चौदाला जाणार!

जा की, म्हणाले. मी तुझं नाव सांगितलं. तुला बांधून नाही ठेवलं.

१२ मार्च

काकांशी बोललो नाही. पिशवी भरली.

१३ मार्च

काका गेले. पहाटेच, मुलीकडे. जाताना चहा करून ठेवला होता, झाकून. स्वतःचा पेलाही विसळून पालथा घातलेला. मला उठवलं नाही.

चहा गार झाला होता. तरी उभ्याने सगळा प्यालो. वेलदोडा नव्हता. नीट शोधला. नव्हता.

खोलीत आज फार जागा आहे.

१४ मार्च

सकाळीच काकांचा फोन. पोचलो रे. नात मांडीवर आहे. तिच्या डोक्याचा वास येत नाही, एवढंच.

म्हटलं, चला, आता माझ्या चहात चुकून वेलदोडा तरी पडायचा नाही.

चुकून? काका म्हणाले. दूध करपलं ते चुकून. वेलदोडा मी मुद्दाम टाकायचो, लेका! आधी अख्खा. मग अर्धा. तू डबी लपवलीस तेव्हा खिशातले दोन दाणे. शेवटी नुसती साल चमच्याला पुसली होती. तरी तू नाक मुरडलंस! म्हटलं, झालं. आता बाईंकडे जायला हरकत नाही.

मी फोन ठेवला. खाटेवर बसलो. कितीतरी दिवसांनी नीट बसलो.

चहा ठेवलाय. माळ्यावरून डबी काढली, एक अख्खा वेलदोडा टाकला. घाण लागणार आहे. पिणार आहे.

पिशवी दारातच आहे. ठेंगूची बस नऊला. पहिला ड्रम आठला उघडतो.