सुई बुडते

नवागाम, सुरत. सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६

पोरीनं वाटीतल्या पाण्यावर शिवणाची सुई अलगद ठेवली. तरंगली! "पाण्याला पण कातडी असते, पप्पा. शाळेत बाईंनी सांगितलं." मी पाण्याला नुसतं बोट टेकवलं, तर सुई तळाला. "तुमच्या हाताला साबण आहे," ती म्हणाली. असणारच. कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये दिवसभर धुलाईच्या हौदात हात असतात. हापशावर जाऊन चोळून चोळून धुतले, वाटीत नवं पाणी घेतलं, पोरीनं सुई पुसून पुन्हा तरंगवली. पुन्हा बोट, पुन्हा सुई तळाला. नुसता साबण असता तर गेला असता ना? मग हातात मुरलंय काय? विचारायचं कुणाला? उद्या परत तोच हौद. पोरगी वाटी घेऊन माझ्यापासून लांब जाऊन बसली. बसू दे. पण मघाशी दूध-भाकरी याच हातानं कुस्करून दिली होती. चाटूनपुसून खाल्ली तिनं.