पाणचक्कीची खडखड

कामतघर, रविवार, १२ ऑक्टोबर

आमच्या कारखान्यातल्या गोपालच्या गढवालातल्या गावाहून आज परतलो. त्याच्या पणजोबांनी बांधलेली पाणचक्की डोक्यातून जात नाही. ठेंगणी दगडी खोली, तिच्याखाली आडवं लाकडी चाक. ना मोटर, ना वायर!

जात्यावर टांगलेल्या धान्याच्या टोपलीला लावलेली एक काठी खालच्या फिरत्या दगडावर खडखडत होती. मी पॉवरलूमचा फिटर. खडखड म्हणजे काहीतरी ढिलं. दोरीने आवळून टाकली. दाणे पडायचेच थांबले!

गोपालची आई हसली. "बेटा, यही तो दाना गिराती है. पत्थर तेज, तो दाना ज़्यादा."

म्हणजे पाणी वाढलं की दाणे आपोआप वाढतात. काय डोकं त्या पणजोबांचं! आणि मी उस्ताद... आधी विचारलं का नाही?

दोरी मीच सोडली. अजून खिशात आहे. फेकवत नाही.