पहिली लाथ, अनवाणी

कात्रज, पुणे ४६
८ डिसेंबर २०२५

श्री. यज्ञेश्वरदादा यास,
न. वि. वि.

'शि. सा.' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. क्लबात अण्णांची तसबीर लावली तेव्हा त्यांच्या पोटच्या मुलीला तू तिसऱ्या रांगेत, मांडववाल्याच्या शेजारी बसवलंस. तेव्हापासून तुझ्या पायांवर शिरसाष्टांग डोकं ठेवणं मी बंद केलं आहे. दहा वर्षं झाली आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

फोन करत नाही, कारण तुझा आवाज ऐकला की माझं ब्लडप्रेशर वाढतं. शिवाय भांडण कागदावर करावं हा अण्णांचाच नियम. संघातून काढलेल्या खेळाडूला ते तोंडावर काही बोलत नसत; घरी येऊन पत्र लिहीत. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहायचं तर आधी विचार करावा लागतो, असं म्हणत. तुझ्या बाबतीत हा नियम फुकट गेला, पण असो.

परवा केयूर 'अरुणोदय' क्लबाच्या शताब्दी स्मरणिकेतला तुझा लेख दाखवून गेला. तुझा नातू गुणी आहे, कोणावर गेला आहे कळत नाही. लेख वाचला. लष्करातल्या गोऱ्या सोल्जरांचा खेळ कुंपणावरून बघून अठरा वर्षांच्या अण्णांनी शनिवार पेठेतली पोरं कशी जमवली, नदीपात्रात फुटबॉल क्लब कसा उभा केला, कातड्याचा चेंडू घरात चालत नाही म्हणून तो जिन्याखाली पोत्यात कसा राहायचा, बूटवाल्या पलटणीशी अनवाणी खेळताना उजव्या पायाचा अंगठा मोडला तरी ते कसे मैदान सोडून गेले नाहीत, सगळं छान उतरलं आहे. आणि शेवटी काय, तर "अण्णांना एक चिरंजीव, प्रस्तुत लेखक". मग मी काय त्या पोत्यात सापडले?

बोळात तू शॉट मारायचास तेव्हा समोर गोल कोण राखत होतं? अण्णा मला उभं करायचे. तुझे शॉट अडवून अडवून माझी नखं काळी पडली होती, आणि आई माझ्या लग्नाच्या काळजीने त्यांना हळद लावत बसायची. हे लेखात नाही, कारण त्यात तुझे गोल फारसे होत नसत हेही लिहावं लागलं असतं.

तेव्हा आता सरळ सांगते. लेख दुरुस्त कर. आणि ४ जानेवारीच्या शताब्दी सामन्याची पहिली लाथ मी मारणार. मोसमाची पहिली लाथ अण्णांच्या घरच्याने मारायची, आणि अनवाणी मारायची, ही क्लबाची रीत. मी अण्णांच्या घरची आहे. नाही म्हणालास तर मैदानाच्या मधोमध खुर्ची टाकून बसेन. उठवायला तुला यावं लागेल.

कळावे. लोभ वाढवू नये, आहे तेवढा पुरवून वापरावा.
मंदाकिनी

ता. क. गोड कमी खा.


शनिवार पेठ, पुणे ३०
१३ डिसेंबर २०२५

चि. मंदाकिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. (थोरला असल्यामुळे द्यावे लागतात.)

तुझं पत्र मिळालं. कात्रजहून इथे यायला त्याला चार दिवस लागले, तेवढीच शांतता लाभली.

लेखाबद्दल. मला एक पान दिलं होतं. त्यात अण्णा, क्लब, पलटणीचा सामना आणि अंगठा एवढं बसवायचं होतं. तुझं चरित्र त्यात मावलं नाही. शिवाय लग्न होऊन गेल्यापासून तू दुसऱ्या आडनावाने वावरते आहेस, ते आडनाव अण्णांच्या क्लबाच्या इतिहासात कुठे घुसवायचं हा प्रश्नच होता. तिसऱ्या रांगेचं म्हणशील, तर पहिल्या रांगेत बसणारे वेळेवर आले होते.

लाथेबद्दल. लाथ मारण्याची तुझी सवय जन्मजात आहे हे आम्ही सर्व जाणतो, परंतु ती चेंडूलाच बसेल याची हमी कोण देणार? तुझा एक गुडघा बदललेला, वय त्र्याहत्तर. शताब्दीला मला अँब्युलन्स बोलवायची नाही. गेल्या दहा वर्षांत तू एकदाही मोसमाच्या पहिल्या सामन्याला फिरकली नाहीस, आणि आता एकदम मैदानाच्या मधोमध? रीत आठवते तेव्हा तिच्यासोबत हजेरीही आठवावी.

यंदा पहिली लाथ केयूर मारेल. कार्यकारिणीत ठरलं आहे, आणि कार्यकारिणीत माझ्यापुढे बोलणारं कोणी नाही. केयूर बूट घालून मारेल. काळ बदलला आहे. यावर आणखी पत्रव्यवहार नको.

घरी सर्वांस आशीर्वाद. इथले लोभ जागच्या जागी आहेत, तू त्यांची उस्तवार करू नये.
यज्ञेश्वर

ता. क. माझ्या गोडाची काळजी करायला घरात एक माणूस नेमलेलं आहे.


कात्रज, पुणे ४६
१७ डिसेंबर २०२५

श्री. दादा यास,
न. वि. वि.

बूट? पत्र दोनदा वाचलं. अक्षर तुझंच आहे.

अण्णा गेल्यापासून दरवर्षी ती लाथ तू मारत आलास. ताप असताना मारलीस. वहिनींचं ऑपरेशन होतं त्या सकाळीसुद्धा आधी मैदानावर गेलास आणि मग दवाखान्यात. मला एकदा, फक्त एकदा मारू दे म्हणून मी तुझ्या मागे लागले होते तेव्हा तू मला सांगितलंस की मातीला तळवा लागल्याशिवाय अण्णा समजत नाहीत, आणि बाईमाणसाने चारचौघांत अनवाणी लाथ मारणं बरं दिसत नाही. आता तोच तू नातवाला बूट घालून पुढे करतोस आणि काळ बदलला म्हणतोस. काळ बदलला तर तो बुटापुरताच का बदलला? बहिणीपर्यंत का आला नाही?

मग केयूर ठेवून गेलेल्या स्मरणिकेची पाठ बघितली. तिथे बुटांच्या दुकानाची पानभर जाहिरात आहे. डोक्यात प्रकाश पडला. अण्णांनी मोडक्या अंगठ्याने जे सांभाळलं ते तू एका जाहिरातीला विकलंस. मास्तरकीत आयुष्य गेलं, दुकानदारी म्हातारपणी शिकलास.

आणि तू स्वतः का मारत नाहीस, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. गर्दीत उन्हात उभं राहायचा कंटाळा आला असेल. का पाय झडले तुझे? तसं असेल तर तसं लिही, म्हणजे मी गप्प बसते.

मी चार तारखेला येणार. खुर्ची घरून आणणार.

कळावे. लोभाचं तुझं तू बघ.
मंदाकिनी


शनिवार पेठ, पुणे ३०
२१ डिसेंबर २०२५

सौ. मंदाकिनीवन्सं यांस,
स. न. वि. वि.

मी तुम्हाला पत्र लिहिते आहे हे यांना ठाऊक नाही आणि कळायलाही नको. केयूरच्या हाती देते आहे.

तुमचं पत्र हे मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने, आवाज चढवून वाचत होते. 'पाय झडले'पर्यंत आले आणि थांबले. पत्राची घडी केली आणि गच्चीत जाऊन बसले. दुपारी जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले.

वन्सं, यांच्या उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काढलं आहे. दसऱ्याच्या सुमारास. कोणालाच सांगितलेलं नाही; तुम्हालाच नाही असं नव्हे. शताब्दीची लाथ नीट बसावी म्हणून श्रावणापासून हे रोज सकाळी गच्चीत अनवाणी चेंडू मारत होते. कशाचा तरी खिळा लागला. साखरेमुळे पायाला कळलं नाही, आणि यांना कळलं तेव्हा यांनी आम्हाला कळू दिलं नाही. पायमोजा ओला दिसला तेव्हा मी तो ओढून काढला. त्यानंतर सगळं डॉक्टरांच्या हातात होतं. आता बुटात पुढे कापूस भरून चालतात. घरातसुद्धा मोजे काढत नाहीत. अण्णांचा मोडला होता तोच अंगठा.

केयूरला बूट घालायला यांनीच बजावलं. एका घरात एक पाय पुरे, म्हणाले. जाहिरातीचा त्यात काही संबंध नाही. ती जाहिरात केयूरने मिळवली आहे.

मी यांची वकिली करत नाहीये. 'एक चिरंजीव'बद्दल मीही विचारलं, त्यावर नुसतेच चिडले. तिसऱ्या रांगेच्या वेळी मी गप्प बसले, तेही तुमच्या लक्षात असेल. पण मैदानात सगळ्यांसमोर तुम्ही यांना बूट काढायला लावाल, या भीतीने हे चारला घरीच बसायचं म्हणताहेत. शंभर वर्षांचा क्लब, आणि अण्णांचा मुलगा घरात.

एकच विनंती. एकदम गोड बोलू नका. तुम्ही गोड बोललात की यांना लगेच वास येईल आणि मग हे मला सोडायचे नाहीत. भांडायचं तसंच भांडा, पण यांना मैदानावर आणा.

तुमचा माझ्यावरचा लोभ मला कधी नीटसा कळला नाही. जो आहे तो राहू द्यावा.
तुमची,
विजयमाला


कात्रज, पुणे ४६
२६ डिसेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही. म्हणजे उत्तर नाही, असं मी धरते.

तू लाथ मारत नाहीस हे एका परीनं बरंच झालं. इतकी वर्षं तू ती वाकडीच मारत आला आहेस. दरवेळी चेंडू डावीकडे, प्रेक्षकांत. लोक अण्णांच्या आठवणीने टाळ्या वाजवत, तुला वाटे तुझ्यासाठी. आणि केयूरचं म्हणशील तर तो मुलगा चेंडूपेक्षा मोबाईल जास्त वेळ हातात धरतो. मी त्याच्याशी बोलले आहे. त्याने आनंदाने माघार घेतली. तुझी कार्यकारिणी काय म्हणेल ते म्हणो, मी मारणार आणि अनवाणी मारणार. माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी परवानगी दिलेली नाही, हे तुला आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर शहाणपणा शिकवायला विषय उरणार नाही.

पण शिट्टीशिवाय लाथ मारता येत नाही. अण्णांची पितळी शिट्टी माझ्याकडे आहे; त्यांनी ती मला दिली होती, तुला नाही, याचा तुला राग आहे हेही मला माहीत आहे. ती केयूरबरोबर पाठवते. म्हातारपणी अण्णा खेळत नसत, पंच म्हणून उभे राहत, आणि पंच झाले की पायात काळे बूट, लेस घट्ट बांधलेली. पंचाने खेळाडूसारखं दिसू नये असं म्हणत. तू खेळाडू कधीच नव्हतास. तेव्हा काळे बूट घाल, माझ्या शेजारी येऊन उभा राहा आणि शिट्टी वाजव. तेवढं तरी तुला जमेल अशी आशा आहे.

आला नाहीस तर शिट्टीही मीच वाजवीन, आणि माईकवरून सांगेन की अण्णांच्या चिरंजीवांना उन्हाचा त्रास होतो.

कळावे. लोभ ठेवायचा तर ठेव, मी मागणार नाही.
मंदाकिनी


शनिवार पेठ, पुणे ३०
६ जानेवारी २०२६

चि. मंदास,
अनेक आशीर्वाद. (यावेळी सक्ती नव्हती.)

शताब्दीची पहिली लाथ मी जवळून पाहिली. चेंडू चार हात गेला, आणि डावीकडेच गेला. याला घराणं म्हणतात. अण्णा असते तर तुला संघातून काढून त्याच दिवशी पत्र घातलं असतं. ते नाहीत, म्हणून मी घालतो आहे.

माईकवरून मी तुला 'अण्णांची मुलगी आणि बोळातली गोलकीपर' म्हणालो. त्यावर तू जे तोंड केलंस ते सगळ्या पेठेनं पाहिलं. स्मरणिका आधीच छापून आली होती. मी आणि केयूरने बसून प्रत्येक प्रतीत कागदाची पट्टी चिकटवली आहे, 'अण्णांना दोन अपत्ये'. पट्ट्या वाकड्या बसल्या आहेत. त्याबद्दल पत्र लिहू नकोस, मी ते वाचणार नाही.

आता दुसरं. तू स्वतःला फार हुशार समजतेस. पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नेहमीसारखं विषारी होतं, त्यात खोट काढायला जागा नाही. विजयमालेनं तुला काय बजावलं असेल हे मी ओळखतो, आणि ते तू पाळलंस. पण तू वर 'शि. सा.' लिहिलंस. दहा वर्षं जे डोकं तू माझ्या पायांवर ठेवत नव्हतीस, ते नेमकं आता ठेवलंस. मी ती दोन अक्षरं बघितली आणि पुढचं काही न वाचता स्वयंपाकघरात जाऊन विचारलं की मंदाला कोणी सांगितलं. विजयमालेच्या हातातली पळी आमटीत पडली.

पहिल्यांदा वाटलं, शिट्टी परत पाठवावी. दोन दिवस ती टेबलावर तशीच होती. मग काळे बूट काढून पॉलिश केले.

मैदानात चपला काढताना तू माझा खांदा धरलास. लोकांना वाटलं, म्हातारीचा गुडघा. तुझा पूर्ण भार माझ्यावर आला तेव्हा कापसाच्या बाजूने माझा तोल जात होता, आणि तू ते ओळखून उलट मला धरलंस, वर तोंडाने मला नीट उभं राहायला येत नाही म्हणून ओरडलीस. ते चांगलं केलंस.

तळव्याला माती लागल्यावर अण्णा समजले का, ते कळव. मला आता कोणाकडून तरी ऐकायलाच हवं.

पुढच्या वर्षीही तूच मार, सरळ मारायला शिकून ये. आणि पुढच्या पत्रात 'न. वि. वि.' पुरे. त्या पायांना नमस्कार नको मंदा, त्यांच्याशी भांडतच राहा.

कळावे, लोभ आहेच.
तुझा,
दादा