निघालो म्हणून सांगितलं

हुआ हिन, १४ एप्रिल

इर्मेली,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. पण खरं कुठेतरी लिहायला हवं. सकाळी तू ओउलूहून फोन केलास, "आईचं आता काही खरं नाही. सारखी विचारतेय, पेर्टी निघाला का?" मी म्हणालो, "निघालो."

निघणार कसा, कप्पाळ! पासपोर्टच माझ्याकडे नाही. व्हिसा वाढवायच्या रांगेत उभं राहायला माझा जीव जातो, म्हणून गेल्या आठवड्यात तो एजंटला दिला. नेमकं सोंक्रान, म्हणजे थायी नवं वर्ष, लागलं. कचेऱ्या बंद, तातडीचा पासपोर्ट देणारी आपली फिनिश वकिलातही बंद, एजंट गावी. तरी त्याच्या दुकानापर्यंत जाऊन आलो. शटर खाली होतं, आणि सणाचं पाणी उडवणाऱ्यांनी मला नखशिखांत भिजवलं.

आमच्या इमारतीच्या ऑफिसातली दुआंगजाई हसली. "काका, नव्या वर्षाचं पाणी लागलं, आता सगळं चांगलं होणार!" मी आईचं सांगितलं. मग ती हळूच म्हणाली, "पण काका, पासपोर्ट कुणी हातातून सोडतं का हो?"

आता अकराव्या मजल्यावर बसलोय. तुमच्याकडे अजून बर्फ असेल म्हणून काढलेला लोकरी कोट समोर खुर्चीवर आहे. फोन बंद ठेवलाय, कारण मी विमानात आहे. उद्या दुपारी मी उतरेन, तेव्हा तो सुरू करावा लागेल.

तुझा भाऊ,
पेर्टी