डाव्या पायाचा पट्टा

प्रिय धाकटे,

तुझ्या डाव्या गेटरचा पट्टा बघून हे पत्र लिहायला बसले आहे. फोनवर तू हसून विषय उडवतेस, म्हणून कागद घेतला.

तुझा तो चष्मेवाला मित्र सकाळी दुकानात आला. बुटात बर्फ आणि खडे जाऊ नयेत म्हणून तुम्ही नडगीवर चढवता ती कापडी कवचं, तुझे दोन्ही गेटर, त्याने माझ्या टेबलावर टाकले. म्हणाला, काकू, बुटाखालचे पट्टे सारखे तुटतात, या वेळी असे घाला की जन्मात तुटायचे नाहीत, उद्या कडा चढायचाय. मी म्हटलं, बाबा रे, दगडावर घासणारी वस्तू आहे, तुटणारच. उशिरा तुटेल एवढं बघते. तर मलाच शिकवायला लागला, आत तार घाला म्हणून. त्याला म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून तंबू शिवते आहे मी, तेव्हा निघाला. संध्याकाळी न्यायला येणार आहे.

उजवा लगेच झाला. जाड नायलॉनची दुहेरी पट्टी, टोकं वितळवून बंद केलेली, वरून सायकलच्या ट्यूबची नळी. घासलीच तर आधी ती घासेल. बकल बाहेरच्या अंगाला ठेवलं आहे, आत असलं की दुसऱ्या पायात अडकतं. पट्टा टाचेच्या पुढच्या खोलगट जागेत बसला पाहिजे. हे तू दर वेळी विसरतेस.

मग डावा घेतला. उजव्याचा जुना पट्टा मधोमध झिजला होता, झिजतो तसा. डावा मधे जवळजवळ कोरा, आणि बाहेरच्या टोकाला नुसते दोरे. खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिला. त्यानंतर सुईत दोरा जाईना.

तू पहिलीत होतीस. तळव्यात काच घुसली आणि इंजेक्शनच्या भीतीने तू कुणाला सांगितलं नाहीस. पाऊल बाहेरच्या कडेवर टेकवत घरभर फिरायचीस, वर गाणी म्हणायचीस. कळलं तेव्हा पोटरीपर्यंत लाली चढली होती आणि तापात तू मला ओळखत नव्हतीस. तुझे बाबा दवाखान्याच्या दारातच थांबले, आत यायचा धीर झाला नाही त्यांना.

मागच्या हिवाळ्यात मुरगळलेला घोटा बरा झाला, असं तूच सांगितलंस. मघाशी मी सहज म्हणून तुझ्या त्याच मित्राला फोन केला, ही लंगडते का रे? म्हणाला, छे हो काकू, ती सगळ्यांच्या पुढे असते. पुढे असते म्हणजे तिचा चेहरा कुणाला दिसत नाही, एवढंच मला कळलं.

तार मला घालता येते. पट्टा टिकेल, आणि तुझं पाऊल कसं पडतं ते मला परत कधी समजणार नाही. उद्या तुझ्या दोरीला तो मुलगा आणि बाकीचे बांधलेले असतील. कड्यावर पाय दगा देईल तेव्हा शाबूत पट्ट्याचं काय करायचं? धाकटे, मला भीती वाटते आहे. हे मी तुला कधी म्हटलेलं नाही. कुणाचा तरी गेटर मागून घालशील, तेही मी ओळखून आहे. तुझ्या मित्राला अजून काही बोललेले नाही. आज दिवे लागायच्या आत पाय डॉक्टरांना दाखवून दुकानात आली नाहीस, तर तो न्यायला येईल तेव्हा सगळं सांगेन. मग खुशाल रागाव.

तुझीच,
आई

शेजारच्या शिंप्याबरोबर तुझ्या खोलीवर पाठवलं: हे पत्र, बंद पाकिटात. उजवा गेटर, नव्या पट्ट्यासह. डावा दिलेला नाही.