भाकरची कड

प्रिय कुंदन,

चौथी शिकलेल्या आजीचं अक्षर आहे. लागलं नाही तर सावकाश वाच, पण शेवटपर्यंत वाच.

आधी तुझ्या माशाचं सांगते. भाकर जिवंत आहे. तू तिला स्टिंगरे म्हणतोस, माझ्या तोंडात ते बसत नाही. गोल, चपटी, काळपट. आणलीस त्या दिवशीच मी म्हटलं होतं, ही तर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. पण गेले बारा दिवस मी इतकी घाबरलेय की देवापुढे बसले तरी कान टाकीच्या मोटरकडे असतात.

चूक माझीच. तू जळगावला हॉस्टेलवर गेलास आणि इकडे काच हिरवी पडली. मासेवाल्या नवीनच्या दुकानात जाऊन मी काच चाटणारे दोन मासे घेऊन आले. टाकीत कोण राहतं ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ते दोघं जाऊन भाकरच्या पाठीलाच चिकटले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एकटी होती बिचारी, सोबत मिळाली. शेजारच्या कमलबाईला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती म्हणाली, अक्का, तुमच्या भाकरला तर लेकरं झाली. आम्ही दोघी चहा पीत हसलो. फोनवर तुलाही सांगितलं, तू नुसतं हं म्हणालास.

मग ती खाईना. कड पांढरी पडली. मला वाटलं, आपल्या धुळ्याची थंडी तिला सोसत नाही. एका दुपारी चष्मा लावून काचेला नाक टेकवलं, तेव्हा दिसलं. कड उंदराने कुरतडावी तशी, पाठीवर रुपयाएवढे लाल चट्टे, आणि ते दोघं तोंड लावून तिची कातडी खरवडत होते. लाड नव्हते रे ते. शेपटीला एवढा विषारी काटा, त्याच्या भीतीने मी कधी टाकीत बोट बुडवलं नाही; पण तिने तो एकदाही उगारला नाही. नुसती कोपऱ्यात सरकत राहिली.

हळदीचा डबा घेऊन धावले. नशीब, आधी नवीनला फोन केला. तो ओरडलाच, आजी, हळद नको, मीठ नको, मनाचं काहीच नको. त्या दोघांना बाहेर काढा, चांगलं पाणी द्या, तिला शांत राहू द्या. दोघांना जाळीने बादलीत घेतलं, तो येऊन घेऊन गेला. आपल्या नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास. ते गच्चीवर ड्रममध्ये दोन दिवस उघडं ठेवते, वास गेला की थोडं थोडं बदलते. टाकीवर माझी जुनी चादर घातलीय. रोज सकाळी ती बाजूला करताना डोळे मिटून घेते. उघडले की आधी भाकरच्या डोळ्यांमागची श्वासाची भोकं बघते. उघडझाप दिसली की मग माझा श्वास सुटतो.

नवव्या दिवशी खाल्लं तिने! अळूच्या वाफ्यातलं गांडूळ. आयुष्यात अंड्याला न शिवलेली मी, सांडशीत गांडूळ धरून उभी. ती हळूच त्याच्यावर सरकली आणि गांडूळ गायब. मी एकटीच टाळ्या वाजवत बसले. कडेला आता गुलाबी कोंब फुटल्यासारखं दिसतंय. तरी नवीन म्हणतो महिना जाईल, आणि माझी धास्ती काही जात नाही.

ती धास्ती एकट्या भाकरची नाही, बाळा. दिवाळीत तुला तेल लावताना तुझ्या पाठीवरचे वळ पाहिले मी. तू म्हणालास, गाडीवरून पडलो, आणि मी लगेच उटणं लावायला घेतलं. तुझ्या खोलीतली ती दोन पोरं व्हिडिओवर तुझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, आजी, कुंदन आमचा लाडका आहे. मी हसले. तू खांदे आवळून घेतलेस, तेही मला दिसलं होतं. फोनवर विचारावं तर तुझ्याजवळ सदा त्यांचे आवाज, म्हणून हा कागद. काल तुझ्या बापाला, भूपेंद्रला सगळं सांगितलं. आधी माझ्यावर चिडला, मग जेवता जेवता हात थांबला त्याचा. तू हे वाचतोयस तेव्हा, पत्र तुझ्या हातात देऊन तो हॉस्टेलच्या गेटबाहेर गाडीत बसलाय. त्याला असलं बोलता येत नाही, तो काही विचारणार नाही. तूही सांगू नकोस, जमेल तेव्हा सांग. वह्या, गादी, सगळं राहू दे तिथेच. फक्त चपला घाल आणि खाली ये. घाबरू नको, मी आहे; आपल्या अहिराणीत सांगते, मी शे ना.

तुझीच, आणि तुझ्याच बाजूची,
आजी