दोर बांधायला माणूस हवा

प्रिय चिल्सोंग,

तुम्ही अजून आहात हे मला परवा कळलं. सुकी मासळी विकायला एक बाई बसनं आली होती. ती सांगत होती, नदी समुद्राला मिळते तिथं एक म्हातारा नावाडी राहतो, नाव मोडून तिच्या फळ्यांचं खुराडं केलंय आणि कोंबड्यांना हाका मारतो त्याही वल्हेकऱ्यांना मारल्यासारख्या. म्हटलं, हे तर आमचेच. एवढा बेसूर गळा या नदीवर दुसरा झाला नाही.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ शाबूत आहे.

धुकं अजून तसंच येतं. सकाळी ओटीवर बसलं की शेतं पुसली जातात, नुसती छपरं वर राहतात आणि टोकाचा तो उंच खांब. आमच्या दोत्गोलला तिन्ही अंगांनी पाणी, आकार नावेचा. म्हणून जुन्या लोकांनी डोलकाठी म्हणून खांब रोवला आणि गावात विहीर कधी खणू दिली नाही. नावेला भोक कोण पाडून घेतं? सगळ्या बायकांनी जन्मभर डोक्यावरून नदीचंच पाणी वाहिलं. मी सून होऊन आले तेव्हा हसले होते. मग एका सकाळी धुक्यात डोळे मिटून पडले, आणि खरं सांगते, घर हलकेच डोललं. खालून पाणी चाललंय हे पाठीला कळायचं.

आणि त्याच धुक्यातून तुमच्या मिठाच्या नावेचं शीड यायचं. आधी हाक, मग शीड, मग सगळ्यात शेवटी तुम्ही. आमचं गाव वसलंच तुमच्यासारख्यांमुळे. वरच्या खडकांवरून नाव ओढायला पाणी पुरेना, म्हणून पूर्वीचे नावाडी इथं थांबले. थांबले म्हणून भूक लागली, भूक लागली म्हणून कुणी चूल मांडली, चुलीशेजारी लोहार आला, मग बाजार, मग लग्नं. वाट बघून बघून कंटाळलेल्यांनी गाव केलं बघा. तुम्ही मात्र मीठ उतरवायचात, सोयाबीन भरायचात आणि पाणी चढलं की निघायचात. माझा माणूस गेला त्या वर्षी पाणी चढलं तरी तुमची नाव धक्क्यालाच होती. शीड फाटलंय म्हणत होतात. मी धुणं धुताना नीट पाहिलं होतं. कुठंही फाटलं नव्हतं.

आता खाली धरण झालं, तेव्हापासून नाव नाही आणि नदीही नाही. पाणी आहे, पण उभं. हिरवं पडलंय, उकळलं तरी वास जात नाही. उन्हाळ्यात पेकची धाकटी पोर जुलाबांनी जाता जाता वाचली. पेक म्हणजे आमचा नवा गावप्रमुख. त्यानं पाणी बघणारा आणला, तो गावभर हिंडला आणि नेमका माझ्या परसात थांबला. इथं खणा म्हणाला. झालं, गाव दुभंगलं. ग्वॉन आजोबा काठी घेऊन माझ्या दारात बसले. खणलंत तर सगळे बुडाल म्हणाले. पेक म्हणाला, नाही खणलं तर पोरं पुरत बसू. दोघंही माझ्याकडे बघायला लागले, परस माझं ना. पोरीचं तोंड आठवलं की नाही म्हणवत नव्हतं, आणि गाव बुडवणारी बाई व्हायचंही जिवावर येत होतं.

कित्येक सकाळी मी ओटीवर पाठ टेकून पडून पाहिलं. घर काही डोललं नाही. मग सभेत गेले आणि म्हटलं, "आजोबा, चालत्या नावेला भोक पाडू नये, कबूल. पण आपली नाव चालते कुठं? ती पोचली. पोचलेली नाव दोरानं बांधायची, म्हणजे बुडत नाही."

आजोबांनी काठीनं खांब दाखवला. मग म्हणाले, "बांधणार कोण? शेतकऱ्याची गाठ नावेला चालत नाही."

खरंच होतं ते. इथं आता कुणाला नावेची गाठ येत नाही. मी हळूच तुमचं नाव घेतलं. तो बेसुरा, म्हणाले आजोबा, पण मान हलवली.

तेवढ्यासाठीच हे पत्र. पेरणीआधी या. बस नव्या पुलापाशी थांबते, पेकला तिथं उभा करते. जाड दोर वळून ठेवलाय. खांबापासून धक्क्यावरच्या मोठ्या झाडापर्यंत तुम्ही तो बांधायचा, की दुसऱ्या दिवशी माझ्या परसात कुदळ पडेल. एक राहिलंच. गाव बांधणाऱ्या नावाड्यानं दोराच्या राखणीला जन्मभर गावातच राहायचं, विहिरीपासच्या घरात, असा जुना नियम आहे. कुणी केला, ते विचारू नका. सभेत तो माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता, आता सगळ्यांनाच लहानपणापासून आठवतोय.

तुमचीच, अजून गाठ न पडलेली,
मालरे